पॅराग्वेचा हाफबॅक

आमच्या अप्पांना 'अरे-तुरे' करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. अप्पांचे स्वतःचे थोरले भाऊही चारचौघांत त्यांना 'अहो' म्हणायचे. आणि हा ताडमाड, लालबुंद, खाकी अर्ध्या चड्डीतला परदेशी माणूस मोटारसायकल फाटकाशी टेकवून सरळ ओट्यावर यायचा आणि म्हणायचा, "अप्पा, तू जेवला का? मी नाय जेवला." मिशनमधले हे ब्रदर एमिलियो मराठी शिकले ते तलासरीच्या पुढच्या पाड्यांवर, वारली पोरांकडून. तिकडे लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात. ब्रदरांना दुसरं काही असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायची आमची छाती नव्हती. पहिल्यांदा त्यांनी आईला "तू लय चांगली शिजवते" म्हटलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून आत पळाली आणि चुलीशी बसून पोट दुखेपर्यंत हसली. तिला तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही, कारण आमचं घर मुळात काळजीखोर.

काळजी हे आमच्याकडे एक घरकामच होतं, झाडलोट किंवा निवडणं-पाखडणं असावं तसं. आमची चिकूची वाडी मसोलीच्या पलीकडे, आणि शाळा-कॉलेज रुळांच्या दुसऱ्या अंगाला. गुजरातकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीची शिटी जरा लांबली तरी आई फाटकाशी जाऊन उभी राहायची, कारण दादा रूळ ओलांडून यायचा. अप्पांना वाऱ्याची काळजी, वटवाघळांची काळजी, मुंबईला गेलेला माल बाजारात वेळेवर उतरला की नाही याची काळजी. पंपाचा आवाज थांबला तरी काळजी आणि थांबला नाही तरी काळजी. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते आणि मला काळजी होती ती दादाची, कारण दादाला कशाचीच नव्हती. तो कॉलेजात जायला लागला होता, फुटबॉल खेळायचा आणि घरात काय चाललंय ते त्याच्या गावीही नसायचं. सुहास हे त्याचं नाव, पण मी आजही दादाच म्हणते.

ब्रदर आमच्याकडे आले ते कलमांसाठी. त्यांच्या मिशनच्या मागे जमीन होती, तिथे चिकू लावायचे होते. ते तिथल्या वर्कशॉपमध्ये पोरांना वेल्डिंग आणि इंजिनदुरुस्ती शिकवत. पण अप्पांनी त्यांना नुसती कलमं न देता कलम बांधायचंच शिकवलं. आमच्याकडे भेट कलम करतात. रायणीचं, म्हणजे खिरणीचं रोप कुंडीत वाढवायचं, कुंडी मचाणावर चढवून चिकूच्या फांदीपाशी न्यायची, दोघांची साल थोडी तासायची आणि दोन्ही एकमेकांना घट्ट बांधून टाकायची. एकजीव होईपर्यंत सोडायची नाहीत. ब्रदर लहान मुलासारखे हे बघत बसायचे आणि मग स्वतःच्या जाड बोटांनी सुतळी आवळायचे. अप्पा आम्हाला ओरडत तसंच त्यांनाही ओरडायचे. शिष्य 'तू' म्हणतो म्हणून अप्पा रागावत नाहीत, हे नवल आम्ही दोघं भावंडं माडाआडून बघत असू.

आणि मग कधीतरी ओट्यावर, भाकरीबरोबर सुक्या जवळ्याची चटणी खाताना, डोळ्यांतून पाणी गळत असताना, ब्रदर सहज बोलून गेले की ते त्यांच्या देशाकडून फुटबॉल खेळलेत. दादाच्या हातातला घास हातातच राहिला. देश म्हणजे पॅराग्वे. अप्पांनी दादाचा शाळेतला जुना नकाशा काढून शोधला आणि म्हणाले, "याला समुद्रच नाही की हो!" त्या दिवसापासून अप्पांच्या मनात त्या देशाविषयी थोडा संशयच राहिला. पण आम्हा पोरांना रविवार कधी उगवतो असं झालं. ब्रदर चर्चमधली मिसा आटोपून यायचे, दुपारी शाळेच्या मैदानावर वाडीवरच्या नि गावातल्या पोरांना खेळवायचे, आणि त्याआधी जेवताना त्यांच्या आयुष्याचा एकेक तुकडा आम्हाला मिळायचा. तांबड्या मातीचं गाव होतं. चिंध्यांचा चेंडू, अनवाणी पाय. आई बाजारात मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या विकायची, त्यात चीज घालतात म्हणे. आमची आई ते ऐकून नाक मुरडायची. मग नदीवरच्या बोटीतून राजधानीला जाणं, तिथल्या क्लबात पहिले बूट मिळणं आणि ते इतके आवडणं की पहिल्या रात्री ते उशाशी घेऊन झोपणं. ते हाफबॅक होते, मधल्या फळीत समोरच्याला अडवणारे. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात, हाफबॅकला त्याची आईच ओळखते, असं ते म्हणायचे. मग देशाचा तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट. मग पहिलं विमान, त्यात सगळा संघ जपमाळ ओढत बसलेला. शेजारच्या मोठ्या देशातलं ते स्टेडियम, जिथे लोक ओरडले की बुटांच्या तळव्यांना कळायचं. हे सांगताना ते उठून उभे राहत आणि उष्ट्या हाताने चेंडू कुठून आला, कुठे गेला ते दाखवत. आई ताटं मागे ओढून घ्यायची.

पण प्रत्येक वेळी गोष्ट एका जागी येऊन तुटायची. "मग मी ब्रदर झाला," असं म्हणून ते पाणी प्यायचे. आईने एकदा मला हळूच विचारलं, "देशासाठी खेळणारा माणूस एकदम ब्रदर होतो? मधलं काय गं?" मला ते सुचलंच नव्हतं. आईला सुचलं, कारण तिची नजर नेहमी काय उणं आहे तिकडेच जायची.

मैदानावर ब्रदर दोन्ही तळवे खाली दाबत ओरडायचे, "काल्मा! काल्मा!" त्याचा अर्थ त्यांना कोणी विचारला नाही, कारण आम्हाला तो ठाऊकच होता. दादाने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना समजावलं होतं. "कलम म्हणतायत ते. अप्पांकडे बांधायला शिकलेत ना! समोरच्याला भेट कलम करा. चिकटा, सोडू नका." वाडीवरच्या पोरांना हे इतकं पटलं की विचारू नका. ब्रदर ओरडले 'काल्मा' की आमची पोरं समोरच्याच्या अंगाला अंग लावून धावायची, त्याला श्वास घेऊ द्यायची नाहीत. आणि ब्रदर जेवताना अप्पांना सांगायचे, "तुझ्या गावची पोरं उलटी हाय. मी थंड हो बोलतो, ती गरम होते." आम्ही हसायचो. ते हे मराठीत सांगत, आणि मैदानावर जे ओरडत त्याच्याशी याचा काही संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

आता माझा नातू मोबाईलवर जगभरच्या मॅचेस बघतो आणि मला हाका मारतो, "आजी, बघ ना गोल!" मी बघते, पण माझी नजर चेंडूवर ठरत नाही. ती पायांवरच असते, आणि कोणी आडवा घसरत गेला की मी तिथून उठते. त्याला वाटतं आजीला खेळ कळत नाही.

ती मॅच तलासरी नाक्यावरच्या पोरांशी होती. थंडीचे दिवस होते, मैदान कडक झालं होतं. त्यांच्यात हितेश नावाचा गुजराती मुलगा होता. हायवेवर त्याच्या वडिलांचं टायरचं दुकान. किडकिडीत, दादाच्याच वयाचा, आणि पायांत काय होतं कोण जाणे, चेंडू त्याला सोडून जायलाच तयार नसायचा. त्याला अडवायचं काम दादाचं. हितेशने दादाच्या दोन्ही पायांमधून चेंडू काढला आणि पलीकडून घेतला. लोक हसले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच केलं आणि या वेळी वळून दादाकडे बघून हसला. माझ्या मैत्रिणीही हसल्या. मी दादाचे कान लाल होताना पाहिले आणि मला एकदम भीती वाटली. कसली ते सांगता आलं नसतं, पण मी उठून उभी राहिले. ब्रदर कडेने धावत होते, तळवे खाली दाबत ओरडत होते, "काल्मा, सुहास! काल्मा!" दादा सुटला. हितेश तिसऱ्यांदा आत घुसत होता. सरपणाची काटकी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला आणि मग हितेश ओरडला.

सगळे त्याच्याकडे धावले. अप्पांनी चिकूचे खोके न्यायला आलेला टेम्पो मैदानात आणायला लावला, त्यात त्याला निजवलं. धावले नाहीत ते फक्त ब्रदर. ते होते तिथेच, हात तसेच पुढे धरून उभे राहिले आणि मग हळूहळू खाली बसले. दादा माझ्याजवळून गेला. मी त्याला हाक मारली, पण त्याला ऐकू आलं नाही.

हितेशला गुजरातेतल्या मोठ्या इस्पितळात नेलं.  आमच्याकडे माल न्यायला येणारे ड्रायव्हर त्याच टायरच्या दुकानावर थांबायचे, त्यामुळे बातम्या यायच्या आणि रोज वेगळ्या यायच्या. हाड बाहेर आलंय. पू झालाय. ताप उतरत नाही. मग एकाने फाटकातूनच सांगितलं की पाय काढावा लागेल असं डॉक्टर म्हणतायत. आई त्या दिवसापासून चहा प्यायची बंद झाली. हितेशचा पाय राहिला तरच पुन्हा घेईन असं देवाला सांगून बसली, आणि चहावाचून डोकं धरून फिरायची. अप्पा भर उन्हात झाडांना पाणी सोडायचे, जे ते दुसऱ्या कोणाला कधी करू देत नसत. ब्रदर रविवारी आले नाहीत. दादा पंपाच्या खोलीत जाऊन बसायचा, कारण तिथे आवाजात कोणाशी बोलावं लागत नसे. आई त्याच्या मागे मागे जायची, ताट घेऊन. "तू मुद्दाम नाही ना रे केलंस?" ती विचारायची, आणि त्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणायची, "नाहीच केलंस. मला ठाऊक आहे." हे मी इतक्या वेळा ऐकलं की मला वाटायला लागलं, एकदा तरी तिने पहिल्या वाक्यापाशी थांबावं.

मग ड्रायव्हरने सांगितलं की हितेशला घरी आणलंय. "पाय आहे का?" आईने विचारलं. "चादर होती अंगावर, वहिनी," तो म्हणाला. "मी कशी उचलून बघणार?"

त्याच रविवारी ब्रदर आले. मोटारसायकल ढकलत आणली होती, इंजिन बंद करून. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले आणि जेवायला नको म्हणाले, तेव्हाच आईने तवा उतरवला. त्यांनी मधलं सांगितलं. त्यांच्याच गावचा, कडेने धावणारा एक विंगर होता, रामोन, दुसऱ्या क्लबात खेळायचा. फार चांगला होता. राजधानीत मॅच होती, पाऊस पडून गेलेला, मैदान चिखलाचं. "मी बॉलवर गेला, अप्पा. पाय घसरला." रामोनचा पाय मोडला तो पुन्हा खेळण्यालायक राहिला नाही. त्याची आई बाजारात ब्रदरांच्या आईच्या शेजारीच बसायची. सुटीला गावी गेले की रामोनच्या घराची गल्ली लागू नये म्हणून ब्रदर लांबच्या रस्त्याने जायचे. "तो रस्ता लांब लांब गेला," ते म्हणाले. "इथे आला. आणि आता रोज नाक्यावर हितेशचं घर लागते. मी इंजिन बंद करतो, म्हणजे त्याला ऐकू नको यायला." त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा मोरीशी उभा होता. "मी तुला शिकवला. माझं पाप तुझ्या पायात गेलं."

मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "पण ब्रदर, तुम्हीच तर कलम कलम ओरडत होतात. दादाने तुमचं ऐकलं."

"कलम?"

"चिकटा म्हणून."

ब्रदर माझ्याकडे बघत राहिले. मग फार हळू, त्यांनी दोन्ही तळवे खाली दाबले. "काल्मा," ते म्हणाले. "आमच्या भाषेत. शांत. शांत हो."

 चुलीतल्या लाकडाचा आवाज येत होता. आधी आईला उमगलं, आणि तिने जे केलं ते मी तिला कधी विसरू दिलं नाही. ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "म्हणजे शब्दाचा घोळ! माझ्या लेकराचा दोष नाही, तुमचाही नाही, भाऊ. नुसता शब्दाचा घोळ!" अप्पा दोनदा म्हणाले, "कलम आणि काल्मा, बघा, कलम आणि काल्मा," आणि मिशीवरून हात फिरवला. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मलाही सुटल्यासारखं वाटलं, का खोटं बोलू? गाठ सापडली होती. फक्त दादा हात धूत होता. मघापासून धूतच होता.

अप्पांनी ठरवलं की हे हितेशच्या घरी जाऊन सांगायचं, आणि आजच. शेजारची जीप मागून आणली. ब्रदर मोटारसायकलवर पुढे निघाले, दादाला मागे बसवून. रानशेत गाव मागे पडलं, हायवे लागला, आणि आई पिशवीतले चिकू सारखे वरखाली करत होती, पिकले होते तरी. मी चादरीचा विचार करत होते. चादर सपाट असेल तर मी कुठे बघायचं हे मी मनात ठरवून ठेवत होते. जीपसमोर दादाची पाठ दिसत होती. तो ब्रदरांना धरून बसला नव्हता, मागची कडी धरून बसला होता, आणि मला सारखं वाटत होतं की खड्ड्याशी गाडी हळू झाली की तो उडी टाकून पळून जाईल.

दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. सगळीकडे रबराचा वास. हितेशच्या आईने आम्हाला 'या' म्हटलं नाही, पण दारातून बाजूला झाली. खाटेवर हितेश होता. चादर सपाट नव्हती. दोन पाय होते, एक प्लास्टरमध्ये, आणि आईने "देवा" म्हणून भिंतीचा आधार घेतला. पण पाय आखूड राहणार, असं हितेशच्या वडिलांनी अप्पांना सांगितलं, शांतपणे, टायर दुरुस्त होणार नाही असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं. चिकूची पिशवी कुठे ठेवावी हे आईला कळेना. बसा कोणी म्हणालं नव्हतं, म्हणून आम्ही सगळे उभेच होतो. ब्रदर तर आतही आले नाहीत. दुकानाकडच्या दारात, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

अप्पांनी सांगायला सुरुवात केली. फार छान सांगितलं, हे मला मान्य केलंच पाहिजे. कलम कसं बांधतात, वाडीवरची पोरं, ब्रदरांची भाषा, एक शब्द असा आणि एक तसा. हितेशच्या वडिलांनी मान हलवली. "एम?" ते म्हणाले. असं होय? त्याच्या आईचाही चेहरा बदलला. शिव्या द्यायला कोणीच उरलं नव्हतं, आणि त्याने तिलाही थोडं बरं वाटलं असावं. मला वाटलं, झालं. आता पाणी देतील, आपण घरी जाऊ, आई चहा पिईल.

हितेशचं लक्ष अप्पांकडे नव्हतंच. तो दादाकडे बघत होता. "सुहास," तो म्हणाला, "ए बधुं जवा दे. ते सगळं जाऊ दे. खरं सांग. तू बॉलवर आलेलास का पायावर?"

आईने माझं मनगट धरलं आणि नखं रुतवली. ती दादाकडे बघत होती, डोळ्यांनी त्याला उत्तर सांगत होती. दादाने तिच्यावरची नजर काढून हितेशकडे वळवली. 

"पायावर."

"मने खबर हती. ठाऊक होतं मला," हितेश म्हणाला, आणि डोकं उशीवर मागे टेकलं. त्याची आई पदरात तोंड घालून रडायला लागली. अप्पा खाली बघत होते. माझ्या दादाचं आता काय होणार, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता, आणि दादा मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ उभा होता.

दारातून आवाज आला तेव्हा मला क्षणभर कोण बोलतंय ते कळलंच नाही. ब्रदर वळले नव्हते. "अप्पा," ते म्हणाले, "रामोन पडला त्या दिवशी पाऊस नाय होता. मैदान सुकं होतं."

हितेशला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुठला पाऊस, कुठलं मैदान. त्याने फक्त दारातल्या त्या मोठ्या माणसाचे खांदे हलताना पाहिले, आणि खाटेवर जरा सरकायचा प्रयत्न करत म्हणाला, "ब्रदर, उभे का? आत येऊन बसा ना."